भरलेला खांदा

दत्ता गेल्याचं निखिलनं मला इंग्रजीत सांगितलं, आणि मला पहिला राग आला तो त्या इंग्रजीचा. "आत्या, डॅड पास्ड अवे," एवढंच. शनिवारची दुपार होती. इकडे मिनेसोटात, ईडन प्रेरीत अजून बर्फ वितळायचं होतं आणि मी थालीपिठासाठी कांदा चिरत बसले होते. निखिल माझा भाचा, सव्वीस वर्षांचा, जॉर्जियातल्या अल्फारेटात जन्मला आणि तिथेच वाढला. बाप गेल्याचं सांगायला लागणारे मराठी शब्द त्याला कुणी कधी शिकवले नव्हते, त्यात त्या पोराचा काय दोष? पण त्या क्षणी मला वाटलं, हा कुणा परक्या माणसाबद्दल बोलतोय. मी विचारलं, "कुठे?" जणू जागा कळली की काही फरक पडणार होता. "गॅरेजमध्ये. कारजवळ," तो म्हणाला. मग त्याला रडू फुटलं आणि मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते नीट आठवत नाही. "तुम्ही सगळे कुठे होतात?" असंच काहीतरी असणार. हा प्रश्न विचारायचा अधिकार जगात ज्या एका बाईला नव्हता, ती मी.

तेव्हापासून सात आठवडे मी दत्ताबद्दल नुसतं ऐकून घेतेय. अल्फारेटातल्या शोकसभेत जो उठला तो म्हणाला, दत्ताभाऊ हसतमुख होते. हसतमुख? माझा भाऊ? ज्याला दुसऱ्यानं गाडीचं दार जोरात लावलेलंही खपायचं नाही, तो? एका गृहस्थानं तर कमालच केली. दत्ता जी जुनी विलायती गाडी दुरुस्त करत होता, तिचा पत्रा वरून चकाचक आणि आतलं लाकूड पोखरलेलं होतं, तसंच त्याचं हृदयही... असं म्हणून ते गृहस्थ थांबले, आणि लोकांनी माना डोलावल्या. उठून त्यांच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटत होता मला. आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी तेच वाक्य: "कुणालाच काही सांगितलं नाही हो त्यांनी." दत्ताची बायको वैशाली पहिल्या रांगेत ताठ बसली होती. ती फार्मसिस्ट आहे. छातीत दुखतंय म्हणून ॲसिडिटीची गोळी मागायला आलेल्या किती माणसांना तिनं काउंटरवरूनच इमर्जन्सीला पाठवलं असेल. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच म्हणत होती, "मला एका शब्दानं बोलला नाही."

तिला बोलला नाही, हे खरं. पण कुणालाच बोलला नाही, हे खरं नाही. त्या सकाळी त्यानं मला फोन केला होता, काय होतंय ते सांगितलं होतं, आणि मी त्याला काय करायचं ते सांगितलं होतं. शोकसभेत मी त्याच रांगेत, वैशालीच्या शेजारी बसले होते आणि गप्प होते. एका मराठी पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी भावाच्या आठवणी लिहून मागितल्या तेव्हा मी हो म्हणाले, कारण बसल्या जागी खोटं बोलणं सोपं असतं पण लिहून खोटं बोलायला मला अजून जमत नाही. आणि हे छापून यायच्या आत वैशालीला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ते कसं कळलं, ते शेवटी सांगते. आधी आमच्या घरात खांदा भरणं म्हणजे काय ते सांगायला हवं.

आमचे वडील, आबा, कराडला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. आजकालच्या लोकांना वाटतं ट्रक कंपनीतून सगळा तयार होऊन येतो. तेव्हा यायचं ते नुसतं इंजिन आणि चाकांवरचा लोखंडी सांगाडा. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून, उघड्यावर तो चालवत आणायचा आणि आमच्या शेडमध्ये सोडून जायचा. मग आबा आणि त्यांची चार माणसं त्यावर लाकडाची केबिन उभी करायची, मागे हौदा बांधायची, वर पत्रा ठोकायची. दत्ता आणि मी त्या शेडमध्येच वाढलो. मी मुलगी म्हणून मला रंधा हातात धरायला मिळाला नाही असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. आबांना हात हवे असायचे, ते कुणाचे आहेत ते बघायला त्यांना फुरसत नव्हती. आणि आमच्या घरात कुणाचा खांदा दुखला तर त्याचं कारण एकच असायचं. खांदा भरलाय. आठवडाभर रंधा मारला की खांदा भरणारच, डावा जास्त, कारण डाव्या हातानं रंध्याचं तोंड दाबून धरायचं असतं. त्यावर आबांचा उपायही एकच. काम टाकून झोपायचं नाही, नाहीतर खांदा आखडतो आणि मग महिनाभर उठत नाही. रंध्याचं पातं ठोकून थोडं मागे घ्यायचं आणि हलका हात चालवत राहायचं. दुखणं आपोआप उतरतं. आबांचं उतरायचं, त्यांच्या माणसांचं उतरायचं, आमचंही उतरायचं. ह्या उपायानं आमच्या घरात कुणी मेलं नव्हतं.

दत्ता पुण्याला इंजिनिअर झाला, मग अमेरिकेत आला. मी लग्न होऊन त्याच्या आधीच आले होते. आबा थकले तेव्हा त्यांनी एकदाच, फोनवर, त्याला विचारलं की शेडचं काय करायचं. दत्ताचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं, देश सोडला तर परत यायची खात्री नव्हती. त्यानं मला विचारलं, आणि मी सांगितलं, भावनेच्या भरात काही करू नकोस, आबांना म्हणावं बंद करा. आबांनी बंद केलं. एका शब्दानं तक्रार केली नाही, हाच त्यांचा सूड असावा. शेडच्या जागी आता टाइल्सचं दुकान आहे. आबांचे रंधे तेवढे दत्तानं बॅगेतून आणले, कपडे कमी करून.

मग सात-आठ वर्षांपूर्वी एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं कुणी मेलंय. मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्या मांडल्या होत्या आणि तिथे एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसानं आपल्या विलायती स्पोर्ट्स कारचं दार त्याला उघडून दाखवलं होतं. "ताई, ट्रकची बॉडी आहे गं ही! सेम टू सेम! आत लाकडाची फ्रेम आहे, वर पत्रा ठोकलाय. तिकडे अजून असंच बनवतात, यार!" पन्नाशीचा माणूस मला यार म्हणत होता. वर्षभरात त्यानं टेनेसीतून तसलीच एक गाडी ओढून आणली. इंजिन बरं, पत्रा बरा, आतली सगळी फ्रेम कुजलेली. वैशालीनं विचारलं, ही चालणार कधी? तो म्हणाला, फ्रेम मी करणार.

त्या कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचक फोन काढून गाडीची किंमत बघतात आणि मग त्यांचं माणसाकडे लक्ष राहत नाही. दत्ताही नाव घ्यायचा नाही, तो 'घराणं' म्हणायचा. घराण्याचा इतिहास त्यानं मला इतक्या वेळा ऐकवला की आता तो मला आमच्याच भाऊबंदकीसारखा पाठ आहे. मूळ पुरुष घोडागाड्यांची चाकं करणाऱ्याचा मुलगा. पहिली मोटार त्यानं बापाच्या कारखान्यात, चाकांच्या ढिगाऱ्यात बांधली, आणि बांधून झाल्यावर कळलं की ती दारातून बाहेर निघत नाही. त्यानं भिंत पाडली. बाप आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, मोटारीसाठी नव्हे, भिंतीसाठी. हा भाग सांगताना दत्ता दर वेळी हसायचा. त्या मूळ पुरुषाचा मुलगा हट्टी निघाला. आजूबाजूचे सगळे पोलादाकडे वळले, याला सगळ्यांनी सांगितलं की बाबा रे, लाकडाचे दिवस गेले, पण हा म्हणाला की माझ्याकडे सुतार आहेत, त्यांना मी काय सांगू? पोलादवाले एकेक करून बुडाले आणि हा तगला, कारण अमेरिकन लोकांना त्या बुटक्या, खडखडणाऱ्या, पावसात गळणाऱ्या गाड्यांनी वेड लावलं होतं आणि जहाजं भरभरून गाड्या इकडे यायला लागल्या. नातू शिकलेला होता. त्यानं इंजिन नवं आणलं, कॉम्प्युटर आणला, पण लाकूड ठेवलं. लाकूडही एकच, ॲश, आपल्याकडे क्रिकेटचे स्टंप ज्याचे करतात ते, कारण ते वाकतं पण तुटत नाही. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्यातले काही नंबर लागण्याआधी मरायचे, तरी घराण्यानं घाई केली नाही. हा सगळा इतिहास दत्ता मराठीत लिहीत होता. वैशाली म्हणायची, हे वाचणार कोण? तो म्हणायचा, मी.

एकदा आम्ही दोघं भावंडं तिथे गेलोही, इंग्लंडला, त्यांच्या कारखान्यात. पाहुण्यांना फिरवून दाखवतात. सगळे लोक तयार गाड्यांचे फोटो काढत होते आणि हा सुतारखात्यात अडकून बसला. तिथे एक म्हातारा सुतार दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. दत्तानं त्याला विचारलं, मी एक हात मारू का? गाइड घाबरली, पण म्हाताऱ्यानं रंधा दिला. दत्ता उभा राहिला, पाय फाकवले, डावा खांदा खाली घेतला. रंधा फिरायच्या आधीच म्हातारा म्हणाला, "बापानं शिकवलंय ना?" दत्ता म्हणाला, "हो. ट्रक." आणि त्यानं रंधा फिरवला. मी तेव्हा भावाकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की आबांना शेड बंद करा म्हणून सांगितलं ते चुकलं. बोलले नाही. आमच्यात असलं बोलत नाहीत.

आणि मग घराण्यानं कंपनी विकली. चौथी पिढी, भाऊ आणि बहीण. गुंतवणूकवाल्यांना देऊन टाकली. पाटीवर आडनाव तेच, सुतार तेच, लाकूड तेच, फक्त त्या आडनावाचं माणूस आता तिथे कामाला नाही. दत्ता पेटला. घरात कुणी मेलं तरी इतका चिडला नसता. त्यानं त्या भावाबहिणीला पत्र लिहिलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असं विचारणारं, चार पानी. त्यांचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं, आपल्या भावना पोचल्या म्हणून. ते त्यानं मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाला, "आयतं मिळालेलं सांभाळता येत नाही यांना, ताई. ज्यांच्या हातात कधी रंधा आला नाही त्यांना काय कळणार?" माझी जीभ तशीही कुणाच्या ताब्यात नसते. मी म्हटलं, "आणि आबांच्या शेडला कुलूप कुणी लावलं रे? तेही भाऊबहीणच होते."

चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. मीही फोन केला नाही, मी का करू? इतिहास त्या विक्रीपाशी येऊन अडकला तो अडकलाच. वैशाली सांगायची की रोज लिहितो आणि फाडतो, प्रत्येक मसुद्याची सुरुवात शिवीनं होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की शिव्या तो कुणाला देतोय. कळलंही होतं. पण ते कबूल केलं असतं तर निम्म्या माझ्या वाट्याला आल्या असत्या.

ते भांडण माझ्या अंगणातल्या झाडानं मिटवलं. आमच्याकडे मिनेसोटात ॲशच्या झाडांना कीड लागलीय, हिरवा भुंगा, सालीखाली शिरतो आणि झाड उभं वाळतं. सिटीच्या माणसानं माझ्या झाडाला रंगाचा पट्टा मारला आणि सांगितलं की पाडावं लागेल. मी दत्ताला फोन केला. "ॲश आहे. मोठं आहे. हवंय का?" तो म्हणाला, "कापताना सालीकडची बाजू काढून टाकायला सांग. आतलं चांगलं असतं." दोन दिवस गाडी चालवत, मागे ट्रेलर लावून आला. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, काम सांगायची आहे. दिवसभर आम्ही दोघांनी फळ्या चढवल्या, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळती राहावी म्हणून, आबा रचायचे तशा. दोन वर्षं त्यानं त्या वाळवल्या, आणि मग त्यातून त्या गाडीची फ्रेम करायला घेतली. दर शनिवारी मला व्हिडिओ कॉल यायचा. हा बघ जोड, ही बघ कमान. माझ्या झाडाची गाडी होत होती. ह्या वर्षी मार्चपर्यंत सगळं झालं होतं, फक्त डावीकडच्या दाराची चौकट बसत नव्हती.

आता त्या सकाळचं.

माझ्याकडे सव्वाआठ वाजत आले होते, त्याच्याकडे सव्वानऊ. व्हिडिओ नव्हता, साधा फोन होता, आणि हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. तो म्हणाला, "ताई, खांदा भरलाय गं. डावा. कालपासून. जरा हातातही उतरलंय."

"किती दिवस रंधा मारतोयस?"

"आठवडाभर. ते दार बसतच नाही."

"मग भरणारच. अठ्ठावन्नचा झालास, अजून आबांच्या शेडमधलाच समजतोस स्वतःला."

तो हसला. म्हणाला, घामही येतोय. मी म्हटलं, गॅरेजमध्ये हीटर लावला असशील, बंद कर. तो म्हणाला, हां, लावलाय. मग त्यानं विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "आबा काय सांगायचे गं?" आणि मी आबांच्या आवाजात, त्यांची नक्कल करत, सांगितलं, "पातं मागे घे, हलका हात चालव. थांबलास तर आखडेल." तो पुन्हा हसला. उरलेला वेळ आम्ही लिंबाच्या लोणच्याबद्दल बोललो. त्यानं फोन ठेवला आणि मी कांदे काढायला गेले.

मी तीस वर्षं शाळेच्या लायब्ररीत काम केलं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर हृदयविकाराच्या लक्षणांचं पोस्टर होतं. डावा खांदा, हात, घाम. तीस वर्षं ते माझ्या पाठीशी होतं आणि पोरांनी त्याला मिशा काढल्या की मीच ते बदलून आणायचे. दुसऱ्या कुणी मला ते तीन शब्द सांगितले असते तर मी त्याला घरात बसू दिलं नसतं. पण दत्तानं 'खांदा भरलाय' म्हटलं, आणि मी अमेरिकेतली बाई राहिलेच नाही, कराडच्या शेडमधली पोरगी झाले. आणि दत्ताचा मला इतका राग येतो, इतका राग येतो, की मी त्याचा फोटो अजून भिंतीला लावलेला नाही. कारण त्याला कळलं होतं. कालपासून दुखत होतं. बायको फार्मसिस्ट, सकाळी शिफ्टला जाईपर्यंत त्याच्यासमोर चहा पीत बसली होती. तिला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत ॲम्ब्युलन्स दारात आली असती. म्हणूनच तिला सांगितलं नाही. ती गेल्यावर फोन मला केला, कारण मी काय म्हणेन ते त्याला आधीच माहीत होतं. त्याला डॉक्टर नको होता, आबा हवे होते. आणि मी, शहाणी, आबा झाले.

हे सगळं पोटात घेऊन मी गेल्या आठवड्यात अल्फारेटाला गेले. वैशालीनं चहा केला. निखिल त्याच्या कामावर होता. मी चार वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं एकही आठवलं नाही. मी सरळ सांगितलं, त्या सकाळी दत्ताचा मला फोन आला होता, खांदा दुखतोय म्हणाला होता, आणि मी त्याला काम चालू ठेवायला सांगितलं. 

"अकरा मिनिटं," ती म्हणाली.

मला कळेना.

"नऊ बारा ते नऊ तेवीस. त्याच दिवशी मी त्याचा कॉल लॉग बघितला, ताई. लास्ट कॉल तुमचा. सहा आठवडे मी वेट करतेय, तुम्ही कधी बोलता."

"मग विचारलं का नाहीस?" मला ह्याचाही राग आला, बघा.

"मी का विचारू?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "शोकसभेत तुम्ही माझा हात धरून बसला होतात. लोक म्हणत होते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि तुम्ही मान हलवत होतात. मी फक्त तुमच्या मानेकडे बघत होते."

 ती उठली, म्हणाली, या. गॅरेजचं दार तिनं त्या दिवसापासून कुणासाठीच उघडलं नव्हतं. जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक फ्रेम बघायला म्हणून येऊन गेले, त्यांनाही नाही. दिवा लावला. माझ्या झाडाची गाडी तिथे उभी होती, फिकट पिवळी, नुसती लाकडाची, उजव्या बाजूला दार आणि डाव्या बाजूला मोकळी. दत्ता तिच्या पलीकडे पडलेला सापडला होता. अलीकडच्या बाकावरच्या कामाला कुणी हात लावला नव्हता. बाकावर दाराची चौकट शिकंज्यात तशीच धरलेली होती आणि खाली रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या कुरळ्या सालींचा घोट्याएवढा ढीग होता.

"पोलीस म्हणाले, ही वॉज वर्किंग," वैशाली म्हणाली. "मला बाकी काही कळत नाही यातलं. तुम्ही सुताराची मुलगी आहात. मला सांगा, काय झालं इथे."

मी खाली बसले. ढिगाच्या तळाच्या साली जाड होत्या, दणकट, आठवडाभराच्या. मी हात घालून वरचा थर बाजूला घेतला. वरच्या साली पातळ होत्या. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या, बोटावर ठेवली तर बोटाच्या रेषा दिसतील अशा. एवढी पातळ साल चुकून निघत नाही. त्यासाठी पातं ठोकून मागे घ्यावं लागतं आणि हात अगदी हलका चालवावा लागतो.

"काय?" वैशालीनं विचारलं.

"त्यानं माझं ऐकलं," मी म्हटलं.

"किती वेळ?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला कळलं नसतं. मी दोन्ही हातांनी त्या पातळ साली गोळा केल्या, पुन्हा गोळा केल्या, त्या संपेनात. "तासभर," मी म्हटलं. "जास्तच. दीड तास असेल."

"हॉस्पिटल बारा मिनिटांवर आहे, ताई," ती म्हणाली.

मी बाकाचा आधार घेऊन उठले तेव्हा मला रंधा दिसला. आबांचा, मोठा. बाकावर आडवा ठेवलेला होता, कुशीवर, पात्याची धार लाकडाला टेकणार नाही असा. रंधा उभा टेकवला की धार जाते. आबा त्यासाठी टपल्या मारायचे आम्हाला. म्हणजे छातीत कळ आली तेव्हा ह्या माणसानं हातातला रंधा टाकला नव्हता, नीट कुशीवर ठेवला होता, आणि मग गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन पडला होता. फोन त्याच बाकावर, रंध्यापासून वीतभर अंतरावर सापडला होता, असं वैशालीनंच मला सांगितलं. सहा आठवडे मी कुणासमोर मोठ्यानं बोलले नव्हते. त्या गॅरेजमध्ये मी माझ्या भावावर ओरडले, आबांच्या शेडमध्ये ओरडायचे तशी, शेजारी ऐकतील ह्याची पर्वा न करता. अरे गाढवा, रंधा आडवा ठेवायचं सुचलं तुला, धार सांभाळायची सुचली, आणि शेजारचा फोन उचलायचं नाही सुचलं? वैशालीनं मला गप्प केलं नाही.